सरावाची तलवार

मराठीच्या प्राध्यापकांवर आयुष्यात काय काय निवडण्याची वेळ येते, याची यादी करायला बसलो तर ती फार लांबणार नाही. अभ्यासपत्रिकेसाठी कादंबरी, वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय, स्नेहसंमेलनासाठी पाहुणा, वार्षिक अंकासाठी मुखपृष्ठ. झाले. तलवार निवडण्याची वेळ येईल असे आम्हां दोघांपैकी कोणालाही वाटले नव्हते. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकजण बारामतीत राहतो, दुसरी रोज इंदापूरहून एसटीने येते. चाळिशी ओलांडली आहे. हातात धरलेले सर्वांत जड शस्त्र म्हणजे मोल्सवर्थचा कोश.

झाले असे की २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केले. त्याच सुमारास आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात सभासद बखर चालू होती. जिंजीच्या मुक्कामी १६९७ साली सिद्ध झालेल्या त्या छोट्याशा ग्रंथात अफझलखानाचे प्रकरण आले, त्या ओघात पट्टा आला, आणि आम्ही सवयीने सांगून टाकले की, 'पट्टा म्हणजे एक प्रकारची लांब तलवार'. तिसऱ्या बाकावरून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "नाही सर. पट्टा तलवारीसारखा चालवता येत नाही. हात खोबणीत असतो, मनगट वाकतच नाही. सगळा फेर कोपर-खांद्यातून घ्यावा लागतो." ती मे महिन्याच्या सुट्ट्यांत कोल्हापूरला मामांकडे जात असे आणि तिथल्या एका तालमीत मर्दानी खेळ शिकली होती. वर्गात हशा पिकला नाही, हे विशेष. आम्हीच जरा गप्प झालो. पंधरा वर्षे ज्या वाक्याच्या आधारे आम्ही तो उतारा शिकवत आलो होतो, ते वाक्य एका मनगटाने खोटे ठरवले होते.

पावसाळा सुरू होईतो तिच्याभोवती बारा-तेरा मुली जमल्या. पुढच्या शिवजयंतीला म्हणजे १९ फेब्रुवारी २०२५ ला महाविद्यालयाचे मर्दानी खेळांचे पथक उतरवायचे, असे त्यांनी ठरवले. मार्गदर्शक म्हणून आमची नावे टाकली, कारण 'बखर तुम्हीच शिकवता'. हा युक्तिवाद ज्याला खोडता येईल त्याने खोडावा. प्राचार्यांनी रक्कम मंजूर केली आणि सांगितले, "तलवारी तुम्हीच निवडून आणा. मराठीची माणसे आहात, शोभेलसे काहीतरी आणाल."

तर आम्ही पुण्याला गेलो आणि एका पेठेतल्या दुकानातून बारा तलवारी निवडल्या. कशा निवडल्या, हे लाज न बाळगता सांगितले पाहिजे. पाते चकचकीत आहे का पाहिले. मुठीवरच्या सिंहमुखाची कलाकुसर पाहिली. म्यान मखमली हवे की रेक्झिनचे, यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली आणि मखमल जिंकली. तलवारीची अंगे आम्हांला शब्दांनी ठाऊक होती: मूठ, बोटांपुढून वळणारी परज, मुठीच्या टोकाची कटोरी. 'परजणे' या क्रियापदावर तर आमच्यापैकी एकाने कधीकाळी टिपणही लिहिले होते. ती परज आम्ही बोटाने दाबून मात्र पाहिली नाही. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला होता, "शोभेलाच हवी ना?" आम्ही हो म्हणालो. त्यामुळे पुढे जे झाले त्यात त्याला दोष देण्याची सोय उरलेली नाही.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मैदानावर दोन मुली जोडीने वार-अडवण करत असताना एका तलवारीचे पाते मुठीतून सुटले. गिरक्या घेत ते कुंपणाच्या भिंतीवर आपटले. तिथे कोणी उभे नव्हते, एवढेच. आम्ही त्या तलवारीला बाजूला ठेवले आणि उरलेल्या अकरा तपासल्या. म्हणजे हलवून पाहिल्या. त्या हलत नव्हत्या. सराव चालू ठेवला. नवव्या दिवशी समोरच्या पात्याचा वार घसरत घसरत मुठीपर्यंत आला, पितळी पत्र्याची ती परज कागदासारखी आत वाकली आणि त्या मुलीच्या उजव्या हाताची तर्जनी मोडली. पट्ट्याबद्दल आम्हांला वर्गात सुधारणारी तीच मुलगी. लिहायचा हात. परीक्षा दोन महिन्यांवर.

त्या रात्री आमच्यापैकी इंदापूरची जी, तिने शेवटची एसटी सोडली आणि दवाखान्यात मुलीपाशी थांबली. आपण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींच्या हातात काय दिले, हा प्रश्न पुस्तकात शोधून मिळणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील आले. निमगाव केतकीच्या पलीकडच्या एका गावचे ऊस उत्पादक. मोटारसायकल लावली, आमच्यासमोर खुर्चीत बसले आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाले, "ती तलवार दाखवा." आम्ही दिली. त्यांनी ती म्यानातून काढली आणि मखमल टेबलावर ठेवून दिली. पाते एका बोटावर आडवे ठेवून तोल पाहिला. तलवार ताबडतोब टोकाकडे झुकली. मग नखाने पात्यावर टिचकी मारून कानाजवळ धरली. मग मूठ आणि पाते जिथे जुळतात तिथे अंगठा फिरवला.

"सर, ह्याचं शेपूट मुठीत किती गेलंय बघा की. दोन बोटं. वरनं नुसतं डाग दिलाय. आमचा कोयता आसा आसता तर लोहाराच्या दारात टाकून आलो आसतो."

ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त हत्यार पाहिले, आणि आम्ही ज्या गोष्टी पाहायला हव्या होत्या त्या सगळ्या दोन मिनिटांत पाहिल्या: तोल कुठे पडतो, पोलाद कसे बोलते, पाते मुठीत किती खोल गेले आहे, हाताला आडोसा काय आहे. उसाच्या हंगामात कोयता दिवसभर चालतो. तो हातातून सुटला तर शेजारच्या माणसाच्या पायात जातो. ज्या हत्याराने काम करायचे त्याकडे माणूस असे पाहतो. जाताना ते एवढेच म्हणाले, "पोरीला खेळायचंच हाय. नीट आणा काहीतरी."

(येथे कायद्याची एक गंमत नोंदवावीशी वाटते. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांच्या यादीत मोडतात. मात्र घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारे त्यांतून वगळली आहेत. म्हणजे ज्याने खरोखर तुटते तो कोयता मोकळा. आमच्या बिनधारेच्या तलवारी कोणत्या रकान्यात बसतात, हे आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी आम्हांला तीन वेळा विचारले.)

यानंतर आम्ही शोध सुरू केला, आणि तो अनपेक्षितपणे जर्मनीपर्यंत गेला. आमचा एक माजी विद्यार्थी तिथे नोकरी करतो. वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेला, मराठी घेऊन पदवीधर झालेला आणि मग भलत्याच वाटेने अभियांत्रिकीच्या कारखान्यात पोहोचलेला. तो तिथे आठवड्यातून दोनदा जुन्या युरोपीय तलवारबाजीच्या वर्गाला जातो, हे त्याच्या आईकडून कळले होते. ऑलिंपिकमध्ये दिसते ती तलवारबाजी नव्हे. मध्ययुगातल्या आणि त्यानंतरच्या गुरूंनी लिहून, चितारून ठेवलेल्या पोथ्यांवरून पुन्हा उभी केलेली. त्याला फोन केला. तलवार कोणती घ्यावी, हा आमचा प्रश्न त्याने पुरा होऊ दिला नाही.

"मॅडम, आधी मुखवटा. मग हातमोजे. तलवार सगळ्यात शेवटी."

त्यांच्याकडे सर्वांत जास्त मोडतात ती बोटेच, असे तो म्हणाला. मग त्याने तासभर जे सांगितले ते आम्ही वहीत उतरवून घेतले. विद्यार्थ्याच्या तोंडून टिपणे घ्यायची वेळ ही दुसरी. नवशिक्याला बहुधा नायलॉनची तलवार देतात: स्वस्त, न गंजणारी, पण हलकी आणि समोरच्या पात्यावर आपटली की उसळणारी. पुढे पोलादी तलवार. तिला 'फेडर' म्हणतात. दोन्ही हातांनी धरायची, साधारण दीड किलोची. पाते अरुंद आणि टोकाकडे लवचीक, म्हणजे भोसकण्याचा वार छातीवर बसला तर ते वाकते, फासळीत शिरत नाही. टोक गोलसर किंवा मुडपलेले, कडा जाड आणि गुळगुळीत. मुठीजवळ मात्र पाते एकदम रुंद होते, त्याने हाताला थोडा आडोसा मिळतो आणि वजन मुठीकडे राहते. अशा तलवारी योआखिम मायर नावाच्या गुरूने १५७० साली स्ट्रासबुर्गला छापलेल्या ग्रंथातल्या चित्रांत स्पष्ट दिसतात. म्हणजे सरावासाठी वेगळी तलवार घडवण्याचा विचार निदान साडेचारशे वर्षे जुना आहे. (त्याहीपूर्वी रोमन सैन्यात रंगरुटांना दुप्पट वजनाची लाकडी तलवार देत, असे वेगेतिउसने लिहून ठेवले आहे. तिचा हेतू वेगळा होता. तिथे दंड कमवायचा होता.)

त्याचे एक वाक्य आम्ही वहीत दोनदा अधोरेखित केले. "प्रत्येक सरावाची तलवार कुठेतरी खोटं बोलतेच, सर. खरी तर वापरताच येत नाही. कुठे खोटं बोललेलं चालेल, एवढं आपण ठरवायचं."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघे बराच वेळ त्या वाक्यापाशी बसलो. नायलॉनची तलवार वजनाबद्दल खोटे बोलते. फेडर पात्याच्या रुंदीबद्दल आणि ताठपणाबद्दल खोटे बोलते. आणि आम्ही आणलेली सिंहमुखी तलवार? ती फक्त एकाच गोष्टीबद्दल खरे बोलत होती: दिसण्याबद्दल.

विद्यार्थ्याने पाठवलेल्या चित्रांत एका लॅटिन हस्तलिखिताची पाने होती. इंग्लंडात लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयात असलेले हे हस्तलिखित साधारण १३०० च्या आगेमागचे. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली त्यानंतर थोड्याच वर्षांचे. युरोपातल्या उपलब्ध तलवारशिक्षेच्या ग्रंथांत ते सर्वांत जुने मानले जाते. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात थाळीएवढी छोटी ढाल. शिकवणारा एक धर्मगुरू आहे, शिकणारा त्याचा शिष्य. आणि शेवटच्या पानांवर शिष्याच्या जागी एक स्त्री उभी आहे, वालपुर्गिस नावाची. तिच्या हातातही तीच तलवार, तीच ढाल. ही पाने आम्ही मुलींना दाखवली. त्यांना मायर, फेडर, लवचीक पाते यांत काडीचा रस नव्हता. वालपुर्गिसने मात्र त्यांचा ताबा घेतला. मोडल्या बोटाच्या मुलीने ते चित्र फोनच्या पडद्यावर लावले, अजून आहे. आम्ही पाहत राहिलो ती ढाल. एवढीशी ढाल, तिच्या जोडीला एकहाती शस्त्र, हे कुठेतरी वाचले होते.

ते सापडले मुजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशात. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत हा कोश काढला. आपल्या ग्रंथालयांत तो असतो, पण बहुधा वरच्या फळीवर. आमच्या ग्रंथालयातील खंडांची पानेही नीट सुटी झालेली नव्हती. फरी-गदगा. फरी म्हणजे कातड्याची छोटी ढाल, गदगा म्हणजे कातड्याने मढवलेली तलवारीच्या लांबीची छडी. हा शब्द आम्हांला ठाऊक होता, अगदी लहानपणापासून. पण 'विटी-दांडू' जसा जोडशब्द म्हणून ठाऊक असतो, तसा. आपल्याकडेही सरावासाठी एक वेगळे हत्यार होते, ते डोळ्यांसमोर असूनही आम्ही पुण्याच्या पेठेत मखमल चाचपत फिरलो होतो.

एक विचार राहून राहून येतो, तो येथे मांडून टाकतो. युरोपात ही परंपरा मध्ये तुटली. पोथ्या उरल्या आणि त्या पोथ्या लावून लावून आजची मंडळी ती उभी करत आहेत. एका शब्दाचा अर्थ पायाचे पाऊल कुठे टाकायचे यावर ठरतो आणि त्यावर पंथ पडतात, असे आमचा विद्यार्थी सांगतो. त्यांच्याकडे संहिता उरली, प्रयोग हरवला. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींत प्रयोग टिकला, आणि मुजुमदारांसारखा अपवाद सोडला तर संहिता फारशी झालीच नाही. साहित्याच्या शिक्षकाला यात हेवा कोणाचा वाटावा? आम्हां दोघांत यावर एकमत झालेले नाही. बाकी या दोन जगांची गाठ आधीही पडली आहे. 'फिरंग' हा शब्दच पाहा: पाते युरोपातून व्यापाऱ्यांमार्फत आलेले, मूठ इथली. परदेशी पोलाद पारखून घेण्याचा प्रश्न आपल्या लोकांना सतराव्या शतकातच पडला होता, आणि त्या वेळी चुकलेल्या निवडीची किंमत मोडलेल्या बोटावर भागत नव्हती. असो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्या मुलीला आणि आणखी चौघींना घेऊन कोल्हापूरला गेलो. फलटण, सातारा, कराड करत. तिच्या मामांनी आम्हांला त्यांच्या वस्तादांकडे नेले. तालमीत हनुमंताची तसबीर, कोपऱ्यात काठ्यांची जुडी, खुंटीवर दोन पट्टे टांगलेले. वस्ताद सत्तरीच्या पुढचे. आम्ही नमुन्यादाखल नेलेली तलवार त्यांनी हातातही घेतली नाही. नुसती पाहिली आणि म्हणाले, "लगीन हाय का कुणाचं?"

मग त्यांनी गदगा दिला. दिसायला अगदी ओबडधोबड वस्तू. आत वेताची छडी, तिच्यावर कापडाची पट्टी, तिच्यावर शिवलेले कातडे. मुठीपुढे बोटांना आडोसा म्हणून कातड्याचीच एक वाटी. दुसऱ्या हातात फरी, आत कापूस ठासून भरलेली. आमच्यापैकी बारामतीच्या गृहस्थांना त्यांनी समोर उभे केले आणि पवित्रा शिकवला. 'पवित्रा घेणे' हा वाक्प्रचार आम्ही अग्रलेखांतून इतका वाचलेला की तो पायांनी घ्यायचा असतो, हेच विसरलो होतो. मग एका पोराला ते म्हणाले, "मार सरास्नी." पोराने मारले. शीर, तमाचा, बाहेरा, अशी नावे घेत घेत. पहिले दोन वार फरीवर बसले, ते नशिबाने. तिसरा बरगडीवर बसला आणि त्याचा आवाज तालमीच्या आढ्यापर्यंत गेला.

"लागलं?"

"लागलं."

"मोडलं काय?"

"नाही."

"मग झालं की. हे हत्यार त्याच्यासाठीच हाय. पुरा मार बसला पायजे आन् माणूस उद्या परत आला पायजे. तुमच्या ह्या तलवारीनं पोरी काय करत्यात सांगू? हात मधीच आखडत्यात. मारणारी जपून मारती, अडवणारीला म्हाईत आसतंय की वार येणार न्हाई. दोघीबी खोटं शिकत्यात. वरीसभर शिकत्यात, आन् मग ते खोटंच हातात बसतंय."

आम्हांला ऑगस्टमधला मैदानावरचा सराव आठवला. अगदी असेच होत होते. वार अर्ध्यावर येऊन तुटायचा, पाती हवेतच एकमेकांना शिवायची, आणि दुरून पाहणाऱ्याला ते फार देखणे दिसायचे. बोट मोडले ते कोणी जोराने मारले म्हणून नव्हे. वार पुरा येईल अशी अडवणारीची अपेक्षाच नव्हती, म्हणून. (हे लिहिताना मराठीच्या चर्चासत्रांची आठवण होणे अपरिहार्य आहे. शाल, श्रीफळ आणि 'मांडणी मौलिक आहे' असे म्हणून अर्ध्यावर आवरलेला आक्षेप. आमच्या हातातही ते बसलेले आहे. पण तो विषय निराळा.)

वस्तादांनी वेत कुठला घ्यायचा ते सांगितले: गाठी जवळजवळ असलेला नको, वाकवून सोडला की सरळ व्हायला हवा. लांबी ज्याची त्याची. छडीचे टोक जमिनीवर टेकवले की मूठ कमरेच्या हाडाशी यायला हवी. सगळ्यांना एकाच मापाची देऊ नका. आम्ही बारा तलवारी एकाच मापाच्या आणल्या होत्या, मापाचा विचार न करता.

परत येताना गाडीत आमच्यापैकी एकाला आठवले की पन्हाळ्याहून बारामतीला पूर्वीही एक गृहस्थ आले होते. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. मग बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी स्थिरावले आणि १७९४ पर्यंत इथेच राहिले. अख्खे भारतीय युद्ध त्यांनी आर्यांमध्ये लढवले. त्यांनी कधी गदगा धरला असेल का, अशी शंका मागच्या बाकावरून आली. आम्ही म्हणालो, ठाऊक नाही. पण यमक साधताना त्यांचा हात अर्ध्यावर आखडलेला दिसत नाही.

बारामतीत एका चर्मकारांनी चौदा गदगे आणि चौदा फऱ्या करून दिल्या. पहिला गदगा त्यांनी फारच सुबक केला, शिवण वरच्या अंगाला आणली. तो मारल्यावर शिवणीचा वळ उठला. तेव्हा शिवण मुठीच्या वाटीखाली वळवून, उरलेली पाठीकडे दाबून बसवायची असे ठरले. किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक तोलला. साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरला. तलवारीच्या मानाने हलका, हे मान्य. म्हणजे गदगा वजनाबद्दल थोडे खोटे बोलतो. दिसण्याबद्दल तर पूर्णच बोलतो. ते चालेल, असे आम्ही ठरवले. जिमखान्याच्या खोलीतून जाळीची क्रिकेट हेल्मेटे आणि फलंदाजीचे हातमोजे मागून आणले. क्रिकेटच्या कप्तानाने लेखी हमी घेतली.

मुलींना हे सगळे मुळीच आवडले नाही. त्यांच्यातली सर्वांत चपळ मुलगी गदगा हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, हे तर धोपाटणं दिसतंय. मिरवणुकीत काय धुणं बडवायचं?" ('धोप' हा सरळ पात्याच्या तलवारीचा एक प्रकार आहे, हे सांगून व्युत्पत्तीत शिरण्याचा मोह आम्ही आवरला.) तिचे म्हणणे वरवरचे नव्हते. गावात मुलीने तलवार घेऊन रस्त्यावर उतरणे म्हणजे काय, हे तिला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. लोक पाहणार आहेत. त्यांना लखलखते पाते दिसले पाहिजे. ते पाहिल्यावर उद्या कॉलेजच्या रस्त्यावर कोणी वाकडे बोलणार नाही. चकाकीचाही काही उपयोग असतो, आणि तो उपयोग आम्ही दोघांनी, एकाने तर पुरुष म्हणून, हिशेबात धरला नव्हता. यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. आम्ही फक्त म्हणालो, दोन महिने याने खेळा, मग ठरवू.

दोन महिन्यांनी त्यांनी ठरवले असे म्हणता येणार नाही. नोव्हेंबरअखेर मैदानावरचा आवाज बदलला. पूर्वी पात्यांचा किणकिणाट असे, आता कातड्यावर कातडे बसल्याचा ठोस आवाज येऊ लागला. त्यामागोमाग हेल्मेटच्या जाळीतून शिव्या, आणि मग हसणे. वार येतो हे कळल्यावर फरी आपोआप वर येऊ लागली. पाय हलू लागले. मोडले बोट एव्हाना सुटले होते. तिने परीक्षा स्वतःच्या हाताने दिली, मात्र तर्जनीचे मधले पेर किंचित वाकडेच राहिले आहे आणि तिचे अक्षर पूर्वीचे राहिलेले नाही. तिची उत्तरपत्रिका तपासताना आम्ही ते पाहिले. डिसेंबरात ती परत मैदानावर आली. पहिल्या दिवशी तिच्यासमोर कोणी पुरा वार करीना. शेवटी तीच ओरडली, "मारा की गं! हातमोजा आहे!"

जयंती समितीचा आग्रह तलवारींचाच होता. आमचे सारे विवेचन, मायर, मुजुमदार, वस्ताद, सर्वांनी सहानुभूतीने ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. निर्णय झाला तो अधीक्षकांमुळे. मिरवणुकीत तलवारी न्यायच्या तर पोलीस ठाण्यात अर्ज, हमीपत्र, प्रत्येक तलवारीचे वर्णन, असे त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि समितीचा उत्साह तिसऱ्या मुद्द्याला मावळला. गदग्याला धार नाही, हे आमच्या पथ्यावर पडले.

सकाळचा कार्यक्रम महाविद्यालयात झाला. दुपारी मुली हट्टाने इंदापूरला निघाल्या, मालोजीराजांच्या गढीकडे. शिवरायांचे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. त्या जागी खेळायचे, हे त्यांनी आम्हांला न विचारता ठरवले होते. पालखीच्या रस्त्याने, काटेवाडी, सणसर, निमगाव मागे टाकत आम्ही पोहोचलो. बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगण पाहणारी ही माणसे. वर्तुळ करून उभे राहायला त्यांना सांगावे लागले नाही. हेल्मेटे पाहून कोणीतरी म्हणाले, "क्रिकेटची टीम आली." पोरे हसली. रस्त्यावरून दुसऱ्या एका मंडळाची मिरवणूक ध्वनिक्षेपकासह जात होती, त्यात सुरुवातीचे आवाज बुडून गेले. काही माणसे निघूनही गेली. राहिली ती जवळ सरकली, कारण वार खरे आहेत हे जवळून कळत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी मध्येच "आगं आगं" म्हणून हात पुढे केला.

मुलीचे वडील गर्दीत होते. खेळ संपल्यावर त्यांनी गदगा मागून घेतला, बोटावर आडवा ठेवला, मुठीच्या वाटीवर अंगठा दाबला, वेत थोडा वाकवून सोडला. "हे बरं हाय," म्हणाले, आणि परत दिला.

सिंहमुखी अकरा तलवारी विभागातल्या कपाटात जुन्या अंकांच्या खाली आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका महाविद्यालयाचे पत्र आले: आपल्या पथकाविषयी ऐकले, आम्हांलाही असे पथक उभे करायचे आहे, तरी आपण तलवारी कुठून व कोणत्या प्रतीच्या घेतल्या ते कळवावे. आम्ही यादी पाठवली. हेल्मेटे, हातमोजे, वेत, कातडे, कापूस, आणि मुलींची मापे घ्यायला एक मोजपट्टी. उलटटपाली विचारणा आली, यादीत तलवारींचा उल्लेख नजरचुकीने राहून गेला आहे काय. त्याचे उत्तर अजून लिहिलेले नाही.